फेनँथ्रोलिन पद्धतीने लोहमापन

फेनँथ्रोलिन पद्धत ही पाण्यासारख्या नमुन्यांतील लोहाचे अल्प प्रमाण स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजण्याची पद्धत आहे. फेरस आयन व १,१०-फेनँथ्रोलिनचे तीन रेणू यांपासून नारिंगी-लाल संकुल तयार होते. त्याचे प्रकाशशोषण ५१० नॅनोमीटर तरंगलांबीला मोजतात.

मापन कमी येण्याची कारणे

फेरिक लोह हा रंग देत नाही; म्हणून हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइडने त्याचे आधी क्षपण करतात. क्षपणापूर्वीच सामू वाढवल्यास फेरिक हायड्रॉक्साइडचा साका तयार होतो. तांबे, जस्त किंवा निकेल फेनँथ्रोलिनशी संयोग पावत असल्याने ते जादा घालावे लागते. रंग पूर्ण येण्यास १० ते १५ मिनिटे लागतात.

मापन जास्त येण्याची कारणे

अभिकारकांतील वा काचपात्रांवरील लोह, गढूळपणा आणि क्युव्हेटवरील बोटांचे ठसे यांमुळे मापन वाढते. पात्रे विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतात व नमुन्याविना केलेल्या कोऱ्या द्रावणाचे मापन वजा करतात.

पडताळणी

प्रमाण द्रावणे अनेकदा फेरस अमोनियम सल्फेटपासून बनवतात. त्यांतील लोह मुळातच फेरस असल्याने क्षपणक निकामी असला तरी आलेख सरळ येतो. नमुन्यातील फेरिक लोह मात्र मोजले जात नाही आणि लोहयुक्त पाणी निर्दोष ठरू शकते. त्यामुळे नमुन्यात ज्ञात प्रमाणात फेरिक लोह मिसळून ते पूर्ण मोजले जाते का, हे तपासतात.