मराठवाड्यातील डिजिटल स्थलीय दूरचित्रवाणी

डिजिटल स्थलीय दूरचित्रवाणी म्हणजे जमिनीवरील मनोऱ्यावरून अंकीय स्वरूपात प्रक्षेपित होणारे आणि घरच्या अँटेनावर विनाशुल्क ग्रहण करता येणारे दूरचित्रवाणी प्रसारण होय. दर्शकाला त्यासाठी केबल किंवा उपग्रहाची तबकडी लागत नाही. मराठवाड्यात ही सेवा औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) शहरापर्यंत आली. अंबडसारख्या तालुक्याच्या गावांत जुने प्रक्षेपण मावळले, परंतु त्याच्या जागी डिजिटल प्रक्षेपण न येता उपग्रहसेवा आली.

तत्त्व

जुन्या अनुरूप (ॲनालॉग) पद्धतीत एका वारंवारता-पट्ट्यावर एकच वाहिनी मावत असे. संदेश क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या दिसत, तरी बातम्या ऐकू येत. डिजिटल पद्धतीत त्याच पट्ट्यावर अनेक वाहिन्या सामावतात. चित्र एकतर स्वच्छ दिसते, नाहीतर गोठते वा नाहीसे होते. त्यामुळे प्रक्षेपणक्षेत्राच्या कडेला राहणाऱ्यांना अंतराचा प्रश्न अधिक जाचतो.

या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. सपाट प्रदेशात १०० मीटर उंच मनोऱ्याचे रेडिओ-क्षितिज सुमारे ४१ किलोमीटरवर असते. घरावरील अँटेना ९ मीटर उंच असेल तर त्यात सुमारे १२ किलोमीटरची भर पडते. अंबड हे छत्रपती संभाजीनगरपासून सरळ रेषेत सुमारे ५५ किलोमीटर आहे, म्हणजे अशा मनोऱ्याच्या अगदी सीमेवर. प्रक्षेपकासाठी डोंगरमाथा निवडतात तो याचसाठी. पुण्याकरिता सिंहगड, औरंगाबादकरिता म्हैसमाळ.

मानके

युरोपात डीव्हीबी-टी, अमेरिकेत एटीएससी, जपानमध्ये आयएसडीबी-टी आणि चीनमध्ये डीटीएमबी ही मानके रूढ झाली. भारताने डीव्हीबी-टी२ हे सुधारित युरोपीय मानक स्वीकारले. तेवढ्याच पट्ट्यात त्याची वहनक्षमता आधीच्या आवृत्तीपेक्षा ३० ते ५० टक्के अधिक असते.

भारतातील वाटचाल

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. डिजिटल प्रक्षेपणाचे प्रयोग २००३ पासून महानगरांत झाले. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने १६ शहरांत डीव्हीबी-टी२ सेवा जाहीर केली. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई व औरंगाबाद होती. डोंगल जोडलेल्या मोबाइलवरही वाहिन्या दिसतील, अशी ती योजना होती. मात्र बाजारातील बहुतेक दूरचित्रवाणी संचांत या मानकाचा ग्राहक नव्हता आणि डोंगल मुद्दाम विकत घ्यावे लागे. प्रक्षेपक उभारले, पण ते पाहण्याचे साधन घरोघरी पोहोचले नाही, हे या योजनेचे खरे दुखणे होय.

जानेवारी २०१७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) खासगी प्रसारकांनाही या क्षेत्रात प्रवेश द्यावा व डिजिटल स्थित्यंतर टप्प्याटप्प्याने डिसेंबर २०२३ पर्यंत पुरे करावे, अशी शिफारस केली. महानगरे आधी, मग मोठी शहरे आणि शेवटी उर्वरित देश असा क्रम होता. अंबडचा समावेश या अखेरच्या टप्प्यात झाला असता. प्रत्यक्षात प्रसार भारतीने बहुतेक अनुरूप प्रक्षेपक मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे ठरवले आणि सामरिक महत्त्वाच्या ठिकाणचे सुमारे ५० तेवढे राखले.

उपग्रहसेवेचा पर्याय

ती पोकळी डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेल्या डीडी फ्री डिशने भरून काढली. तबकडी व सेट-टॉप बॉक्स एकदाच घ्यावे लागतात. मासिक शुल्क नाही. डोंगरांचा अडथळा नसल्याने तिची व्याप्ती स्थलीय प्रक्षेपणापेक्षा कितीतरी मोठी आहे. पण तिच्या केयू-बँड लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात व चित्र तुटते. स्थलीय लहरींवर पावसाचा परिणाम नगण्य असतो. अतिवृष्टीची सूचना जेव्हा सर्वाधिक निकडीची, नेमकी तेव्हाच तबकडी दगा देऊ शकते. दोन्ही सेवांची तुलना करताना केवळ वाहिन्यांची संख्या मोजणे म्हणूनच अपुरे आहे.

इंटरनेटविना थेट मोबाइलवर प्रसारण करण्याच्या ‘डायरेक्ट टू मोबाइल’ तंत्राच्या चाचण्या २०२३ मध्ये बंगळूरु, नोएडा व दिल्लीतील कर्तव्यपथ येथे झाल्या. त्यासाठी एटीएससी ३.० हे मानक वापरले गेले. या सेवेकरिताही मोबाइलमध्ये वेगळी ग्राहक-चिप असावी लागते.