सिगारेटच्या कागदावरचे डाग

पावसाळ्यात पोसऱ्यावरून घेतलेल्या सुट्या सिगारेटवर कधी कधी पिवळट-तपकिरी ठिपके दिसत. गिऱ्हाईक म्हणे, माल जुना. दुकानदार म्हणे, कागद हलका. खरे तर डाग तंबाखूचाच असतो.

सिगारेटचा कागद पातळ आणि सच्छिद्र. त्यात खडूसारखे कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेले असते, म्हणून तो इतका पांढरा दिसतो. आतल्या तंबाखूत साखर व क्षार असतात, वर कारखान्यात बहुधा ग्लिसरीन घालतात. हे सगळे हवेतले पाणी ओढणारे पदार्थ. एरवी तंबाखूत साधारण १२-१३ टक्के पाणी असते. जुलैत आपल्याकडे हवेची आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर गेली की ते बरेच वाढते. मग त्यात विरघळलेला रंग, साखर, थोडे निकोटीन कागदाच्या तंतूंत शिरते, टीपकागदात शाई पसरावी तसे. पाणी उडून जाते, रंग मागे राहतो. डागाची कड मध्यापेक्षा गडद असते ती त्यामुळेच. (बुरशीचा डाग निराळा, त्याला कुबट वास येतो.)

विडीला ही चिंता कधी नव्हतीच. टेंभुर्णीचे पान मुळातच तपकिरी, त्यावर डाग पडला तरी कोणाला दिसणार? सिगारेटची सगळी ऐट मात्र पांढरेपणात. १८८०च्या दशकात बॉनसॅकच्या यंत्राने ती स्वस्त झाली, जहाजांतून दमट मुलखांत पोचली, आणि कागद राखणे हा व्यापाराचाच प्रश्न बनला.

त्यावरचे उत्तर म्हणजे पन्नास सिगारेटींचा हवाबंद गोल डबा. झाकणातले छोटे पाते दाबून फिरवले की आतला पातळ पत्रा कापला जाई. आमच्या तारवटींच्या घरांत असे डबे पुढे बटणे, सुया ठेवायला वापरले गेले.

कागदी पाकिटाला मात्र थांबावे लागले. स्वित्झर्लंडच्या ब्रांडेनबर्गरने शोधलेला सेलोफेन पाणी अडवी, वाफ नाही. १९२७ साली अमेरिकेत ड्यू पॉन्ट कंपनीच्या विल्यम चार्चने त्यावर वाफ रोखणारा पातळ लेप बसवला, आणि १९३१ मध्ये कॅमल सिगारेटचे पाकीट त्यात गुंडाळून बाजारात आले. ते आवरण फाडले की आतल्या कागदाला आर्द्रतेची वाट पुन्हा मोकळी.