मुंबईतील पिसाळ रोग : संहारापासून लसीकरणापर्यंत

प्रस्तावना

पिसाळ रोग (रेबीज) हा चेतासंस्थेवर आघात करणारा विषाणुजन्य रोग होय. लक्षणे प्रकट झाल्यावर कुत्रे साधारणतः दहा दिवसांत दगावते. माणसातही लक्षणे उमटल्यानंतर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. तथापि मुंबईत दीर्घकाळ हा पशुवैद्यकाचा नव्हे, तर पोलिसांचा विषय मानला गेला. या दृष्टिकोनातील बदलाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

संहाराचे धोरण

मोकाट कुत्री मारण्याची मुभा १८१३ च्या नियमाने मिळाली होती. पुढे दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठरले आणि त्या लोभाने पाळीव कुत्रीही बळी पडू लागली. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. अंत्यविधीतील ‘सगदीद’ प्रसंगी त्याची नजर मृतदेहावर पडणे आवश्यक मानले जाते. परिणामी ६ जून १८३२ रोजी संघर्ष उसळला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला, अन्य समाजांचे व्यापारीही सामील झाले व सैन्याची रसद अडली. शासनाने लष्कर बोलावले, धरपकड केली. त्यानंतर कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर हलवण्याचा पर्याय पुढे आला. रोगाचे कारण मात्र अस्पर्शितच राहिले.

उपचाराची परंपरा

दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे १८८३ मध्ये बाई साकरबाई पशुरुग्णालय स्थापन झाले आणि १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. दरम्यान १८८५ मध्ये लुई पाश्चर यांनी माणसावर प्रतिबंधक लसीचा यशस्वी प्रयोग केला. त्यामुळे दंश झालेल्या माणसाला वाचवणे शक्य झाले; परंतु रस्त्यावरील कुत्र्याच्या वाट्याला संहारच राहिला. मुंबईत तो १९९४ मध्ये थांबला. २००१ च्या केंद्रीय नियमांनी निर्बीजीकरण व लसीकरण यांची सांगड घातली. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली.

मुलुंडचा संदर्भ

मुलुंडचा समावेश बृहन्मुंबईत १९५७ मध्ये झाला. त्यापलीकडे ठाणे महानगरपालिकेची हद्द आहे. साथ रोखण्यासाठी सुमारे ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण आवश्यक मानले जाते. कुत्री हद्द जाणत नाहीत. म्हणून एका बाजूची मोहीम दुसऱ्या बाजूवाचून अपुरी ठरते.

निष्कर्ष

कुत्री मारल्याने रिकाम्या झालेल्या जागी लस न दिलेली नवी कुत्री येतात. लस दिलेले कुत्रे जगले, तर तेच रोगाची साखळी तोडते. माणसाची सुरक्षितता कुत्र्याच्या आरोग्यात आहे, हे मान्य होण्यास मुंबईला १८३२ नंतर दीड शतकाहून अधिक काळ लागला.