शेजारी म्हणजे नक्की कोण? - पंडिता रमाबाईंचं उत्तर

आठवडाभर रिलीज, बग आणि मीटिंगांच्या धबडग्यातून सुटका झाली की शनिवारी जरा इतिहासात डोकवायचं, हा आपला नेहमीचा शिरस्ता. आजचा विषय थोडा वेगळा आहे. मी ख्रिस्ती नाही आणि हा लेख धर्मप्रचाराचाही नाही, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे गैरसमज नको.

ख्रिस्ती धर्माचं सार काय, असं विचारलं तर त्यांचा धर्मग्रंथ दोन ओळींत उत्तर देतो. एक, देवावर संपूर्ण मनाने प्रेम करायचं. दोन, शेजाऱ्यावर स्वतःवर करतो तितकंच प्रेम करायचं. झालं! ऐकायला किती सोपं. पण येशूला एका शास्त्रीबुवांनी लगेच खोचक प्रश्न केला: शेजारी म्हणजे नक्की कोण? आपल्या भाषेत, स्कोप सांगा! त्यावर येशूने गोष्ट सांगितली ती लुटला गेलेल्या जखमी वाटसरूची. धर्माची मोठी माणसं त्याला टाळून पुढे गेली आणि ज्यांना यहुदी लोक कमी लेखत, त्या शोमरोनी समाजातल्या एकाने त्याला उचलून मलमपट्टी केली.

हा प्रश्न महाराष्ट्रात ज्यांनी सर्वांत गंभीरपणे घेतला, त्या पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर चार ओळी असतात: संस्कृत पंडित, विधवांसाठी शारदा सदन, धर्मांतर. पुढचा धडा चालू! पण खरी गंमत त्या चार ओळींच्या मधल्या जागेत आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, हा त्या काळात केवढा गुन्हा! पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर पायी फिरलं. १८७४च्या सुमारास दुष्काळात सापडलं. आई, वडील आणि थोरली बहीण थोड्याच काळात गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. उपास काय असतो, हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८७८मध्ये दोघं कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. १८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीबाहेर लग्न केलं. १८८२मध्ये कॉलऱ्याने तेही गेले. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर मनोरमा. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली की बायकांना शिक्षिका हव्यात, स्त्री डॉक्टर हव्यात. आणि १८८३मध्ये इंग्लंडला गेल्या.

तिथे वाँटेजच्या जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. त्याच जोगिणींचं लंडनमध्ये फुलहॅमला एक काम होतं. समाजाने 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायकांना तिथे आसरा मिळायचा. रमाबाईंनी ते पाहिलं आणि त्या थक्क झाल्या. अशा बायकांना कोणी मायेने वागवतं, हेच त्यांना नवीन होतं. हे कशामुळे, असं विचारल्यावर जोगिणीने त्यांना येशू आणि विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे बघा, आधी सिद्धांत पटला आणि मग कृती, असं झालं नाही. आधी कृती दिसली, मग तिच्या मुळाशी काय आहे हे त्यांनी शोधलं.

पण म्हणून त्या चर्चच्या आज्ञाधारक लेकरू झाल्या का? छे! त्यांची तिथल्या गुरू सिस्टर जेराल्डीनबरोबरची पत्रं वाचण्यासारखी आहेत. त्रैक्याचा सिद्धांत मला पटवून द्या, नुसतं मान म्हणू नका. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत काय वाईट? चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुषांना शिकवायला बिशप मंडळींनी हरकत घेतली, तेव्हा बाई चांगल्याच भडकल्या. सदसद्विवेक कोणाकडे गहाण टाकणार नाही, हा सूर सगळीकडे. सनातनी शास्त्र्यांना झुगारून आलेली बाई बिशपच्या शास्त्रापुढे मान तुकवेल कशी? पांढरी साडी आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही, तो नाहीच.

अमेरिकेत निधी उभा करून परतल्यावर ११ मार्च १८८९ला त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पहिल्या विधवा विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या. याच पुढे १८९३मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाल्या. कर्व्यांच्या कामाचा एक धागा असा थेट शारदा सदनापर्यंत जातो.

त्याच १८९३मध्ये वादळ उठलं. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, असं ठरलेलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं असायचं. मुली येऊन बसायला लागल्या. रमाबाईंचं म्हणणं, मी कोणाला बोलावत नाही, पण दारही लावणार नाही. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे पाठीराखेही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

इथे दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात. ज्या मुलीला जगात दुसरा आसराच नाही, तिच्यासमोर उघडं ठेवलेलं दार खरंच तटस्थ असतं का? अन्न, छप्पर, शिक्षण देणाऱ्या व्यक्तीची श्रद्धा आपोआप वजनदार होते. हा आक्षेप मला आजही खरा वाटतो. पण तेवढाच दुसरा प्रश्नही खरा आहे: आक्षेप घेणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या मुलींसाठी आपल्या घराचं दार उघडलं होतं?

मग आला १८९६-९७चा दुष्काळ. मध्य प्रांतात लोक मरत होते आणि पोरक्या मुलींवर दलालांचा डोळा होता. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. आपलं स्वतःचं लहानपण त्यांना रस्तोरस्ती दिसलं असणार. त्यांनी तीनशेच्या आसपास बायका-मुली आणल्या. पुण्यात प्लेग, म्हणून त्यांना केडगावला आपल्या शेतावर नेलं. ते झालं 'मुक्ती'. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो आल्या आणि आकडा दोन हजारांच्या घरात गेला.

दोन हजार माणसं! पाणी, धान्य, कपडे, आजारपणं... याचं नुसतं प्लॅनिंग डोळ्यांसमोर आणा. विहिरी खणल्या, शेती केली, हातमाग, तेलघाणा, छापखाना चालवला आणि ही कामं बायकाच शिकल्या. मनोरमेने अंध मुलींना ब्रेल शिकवलं. फुलहॅमसारखं 'कृपा सदन'ही उभं राहिलं. इथे प्रेम म्हणजे नुसती भावना नव्हती, रोजच्या धान्याचा हिशेब होता.

आणि सरकारचं काय? १८९७मध्ये पुण्याच्या प्लेग हॉस्पिटलात बायकांना कसं वागवतात यावर त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये उघड टीका केली. गोऱ्यांचा धर्म घेतला म्हणून गोऱ्यांच्या राज्याला सूट नाही!

आयुष्याच्या उत्तरार्धात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. बायबलचं मराठी भाषांतर फार संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला कळत नाही, म्हणून स्वतः साध्या मराठीत करायला घेतलं. संस्कृतच्या पंडितेने हे करावं, हे मला फार मोठं वाटतं. १९२१मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल त्यांच्या मागे १९२४मध्ये प्रसिद्ध झालं.

मला रमाबाईंची सगळी मतं पटतात असं नाही. केडगावची मुक्ती पुढे शारदा सदनासारखी तटस्थ राहिली नाही, ती उघडउघड ख्रिस्ती संस्था झाली. पण त्या दोन आज्ञांपैकी पहिली पाळली की नाही हे बाहेरून कोणालाच तपासता येत नाही. दुसरी मात्र तपासता येते. आणि तिथे रमाबाईंनी शेजाऱ्याची व्याख्या करताना जात, गाव, प्रांत, चारित्र्य यातली एकही अट घातली नाही. आपण महिन्याला ऑनलाइन देणगी देतो, तीही करसवलतीची पावती बघून (चांगलंच आहे, देत राहा!). पण आपल्या सोसायटीत भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं आडनाव आपल्याला माहीत असतं का, हा प्रश्न हे सगळं वाचताना मला सारखा टोचत होता.

केडगाव पुण्याहून सोलापूरच्या लाईनवर, दौंडच्या अलीकडे आहे. मुक्तीचं काम तिथे आजही चालू आहे. आणि रमाबाईंचं अमेरिकेवरचं मराठी प्रवासवर्णन मिळालं तर जरूर वाचा, ऑनसाइटला जाणाऱ्यांनी तर नक्कीच. भेटू पुढच्या शनिवारी!