कार्डापलीकडचा रुग्ण

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगणारा बहुधा मोटारींपासून सुरुवात करतो. पिंपरीला टेल्को, आकुर्डीला बजाज, मग भोसरी, आणि शेवटी इंद्रायणी ओलांडून चाकण. या क्रमात खोटे काही नाही. फक्त आधीचे एक पान गळते. या पट्ट्यात स्कूटर आणि ट्रक येण्यापूर्वी पेनिसिलिन आले होते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातली देशातली पहिली औषधकंपनी १९५४ साली पिंपरीत स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी तिला साह्य केले आणि १९५५ पासून तेथे उत्पादन सुरू झाले. औषधाची जबाबदारी राज्याने उचलावी, ज्याला परवडेल त्याने ते घ्यावे असे म्हणून मोकळे होऊ नये, हा विचार त्या कारखान्याच्या पायात होता.

महाराष्ट्रातल्या रुग्णहक्कांच्या चळवळीचा माग काढू लागलो की आम्हांला हा कारखाना प्रथम आठवतो. चळवळ त्यातून जन्मली असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या प्रश्नाभोवती ती उभी राहिली, त्याची दोन उत्तरे या माळावर शेजारी शेजारी नांदत होती. आजारी माणसाला उपचार मिळावेत, ते कशाच्या बळावर? एक उत्तर पेनिसिलिनच्या कारखान्याचे: तो या देशाचा नागरिक आहे म्हणून. दुसरे उत्तर १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याचे: तो पगारातून वर्गणी भरतो म्हणून.

दुसऱ्या उत्तराला कमी लेखण्याचे कारण नाही. ज्याच्या खिशात विम्याचे कार्ड होते, त्या कामगाराला दवाखाना, औषध आणि आजारपणातली भरपाई कोणाच्या मेहेरबानीशिवाय मिळे. कायम कामगाराच्या अनेक कुटुंबांत या कार्डाने, पुढे कंपनीच्या वैद्यकीय योजनेने, जमीन विकण्याची वेळ टाळली असेल. अडचण आहे ती कार्डाच्या कडांशी. पगार ठरावीक मर्यादेच्या वर गेला की कामगार योजनेबाहेर. ही मर्यादा २०१० साली १५,००० रुपये झाली आणि २०१७ साली २१,०००. आजारपणाची रोख भरपाई हवी तर सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. चाकणला मोटारकारखाने आले तोपर्यंत कंत्राटी कामाची रीत चांगली रुळलेली होती. महाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या खोल्यांत राहणारा पोरगा आज या ठेकेदाराकडे, चार महिन्यांनी दुसऱ्याकडे. त्याच्या ७८ दिवसांचा हिशेब कोणी ठेवायचा? शिवाय या पट्ट्यात कामगारांइतकेच, किंबहुना अधिक, असे लोक राहतात ज्यांना कारखान्याचे फाटक कधीच उघडले नाही: धुणीभांडी करणाऱ्या बाया, पथारीवाले, बांधकामावरचे मजूर. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिका, आणि १९८९ साली यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय. संत तुकारामनगरच्या त्या इमारतीत कार्ड विचारले जात नाही. म्हणूनच तेथे शहराइतकीच खेड, मावळ आणि जुन्नरची गर्दी असते.

कार्डाबाहेरच्या माणसाचा प्रश्न वैद्यकीय भाषेत प्रथम मांडला तो डॉक्टरांच्याच एका गटाने. १९७४ साली सुरू झालेले मेडिको फ्रेंड सर्कल आणि १९८० साली स्थापन झालेली लोकविज्ञान संघटना यांची नावे येथे घ्यावी लागतात. डॉ. अनंत फडके या दोन्हींत होते. औषधे अशास्त्रीय का, महाग का, आणि जी हवीत ती मिळत का नाहीत, असा त्यांचा रोख होता. हाथी समितीने १९७५ साली ११७ अत्यावश्यक औषधांची यादी दिली होती. सरकारने मात्र वाट उलटी धरली. किंमत नियंत्रणाखाली १९७९ साली ३४७ औषधे होती, १९८७ साली १४२ उरली आणि १९९५ नंतर ७४. त्याच वर्षांत पिंपरीचा कारखाना खंगत गेला. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये त्याची अतिरिक्त जमीन विकून देणी फेडावीत आणि मग कंपनीच विकावी, असे केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवले. पहिले उत्तर असे जागच्या जागी विरत होते.

१९९५ हे वर्ष आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावे. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. रुग्णाच्या हाती पहिल्यांदाच एक धारदार हत्यार आले, असे तेव्हा सर्वांना वाटले आणि ते बऱ्याच अंशी खरेही होते. मात्र जेथे सर्वांनाच उपचार मोफत मिळतात, तेथला रुग्ण या निकालानुसार ग्राहक ठरत नव्हता. पैसे मोजले तर तक्रार. न मोजले तर उपकार. विम्याच्या कार्डाचाच न्याय थोड्या वेगळ्या कागदावर लिहिलेला! दुसऱ्याच वर्षी त्याच न्यायालयाने पश्चिम बंगालमधल्या एका शेतमजुराच्या प्रकरणात तातडीचे उपचार नाकारणे हा सरकारी रुग्णालयाकडून जगण्याच्या हक्काचा भंग आहे असे म्हटले. आमच्या मते चळवळीचे खरे बीज ग्राहकाच्या निकालात नसून या दुसऱ्या निकालात आहे. पण त्याची चर्चा त्या मानाने कमीच झाली.

सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य, हे वचन जगातल्या सरकारांनी १९७८ साली आल्मा आता येथे दिले होते. २००० उजाडले, वचन तसेच राहिले. त्या वर्षाच्या अखेरीस देशभरचे कार्यकर्ते रेल्वेगाड्या भरून कोलकात्याला जमले आणि तेथून काही जण बांगलादेशात सावर येथे भरलेल्या जागतिक जनआरोग्य सभेला गेले. कोलकात्याच्या त्या जमावातून जन स्वास्थ्य अभियान उभे राहिले. महाराष्ट्रातल्या शाखेने नाव घेतले जन आरोग्य अभियान. हा बदल आम्हांला मार्मिक वाटतो. मराठीत ‘स्वस्थ बसणे’ म्हणजे काहीच न करणे. चळवळीला ते नाव परवडले नसते.

अभियान हे संस्था-संघटनांचे मोहोळ आहे: महिला संघटना, आदिवासी संघटना, डॉक्टरांचे गट, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संघटना, आणि अभ्यासाची बाजू सांभाळणारी पुण्याची साथी ही संस्था. डॉ. अभय शुक्ला यांचे नाव या कामाशी जोडले गेले आहे. या मोहोळाने महाराष्ट्राला दिलेली मोठी गोष्ट म्हणजे जनसुनवाई. २००४ साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाबरोबर देशभर सुनावण्या झाल्या. पश्चिम विभागाची भोपाळला झाली. २००७ पासून ग्रामीण आरोग्य अभियानाच्या अंतर्गत लोकाधारित देखरेख सुरू झाली. महाराष्ट्रातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होता. आरोग्य केंद्रात औषध का नव्हते, नर्सबाई का आल्या नाहीत, बाळंतपणाला पैसे का मागितले, हे गावातल्या बाईने मांडवात उभे राहून विचारायचे आणि वैद्यकीय अधिकाऱ्याने तेथेच उत्तर द्यायचे. ज्याने सरकारी कचेरीत दिवस दिवस ताटकळून काढले आहेत, त्याला या व्यवस्थेत काय उलटेपालटे झाले ते सांगावे लागणार नाही. विचारणारीने वर्गणी भरली होती का, बिल भरले होते का, हे तेथे कोणी पाहत नव्हते.

परंतु देखरेख ग्रामीण होती आणि शहरांसाठीचे अभियान २०१३ साली आले. पिंपरी-चिंचवड यातून बाहेरच राहिले, आणि चाकण परिसर कागदावर ग्रामीण असला तरी तेथल्या हजारो भाडेकरूंना गाव आपले मानत नव्हते. येथे एक कटू गोष्टही नोंदवली पाहिजे. आशियातल्या मोठ्या औद्योगिक पट्ट्यांत ज्याची गणना होते, तेथल्या कारखान्यांतल्या युनियनांनी आरोग्याचा प्रश्न बहुतांशी करारातल्या मेडिक्लेमच्या कलमात बसवला. अभियानाच्या बाजूनेही डॉक्टर आणि अभ्यासक यांचे वजन मोठे राहिले. फाटकाच्या आतले आणि बाहेरचे आजारी एकाच मांडवात यावेत, हे या भागात फारसे घडले नाही.

खाजगी रुग्णालयांच्या बाबतीत लढाई कायद्याच्या पुस्तकात झाली, आणि ती किती संथ! शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा १९४९ चा. २००५ साली दुरुस्ती होऊन तो राज्यभर लागू झाला, पण रुग्णाच्या उपयोगाचे नियम यायला आणखी सोळा वर्षे लागली. दरम्यान मानवी हक्क आयोगाने २०१८ साली सतरा हक्कांची सनद तयार केली. बिल थकले म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवता येणार नाही, असा हक्क तिच्यात आहे. मग करोना आला. मे २०२० मध्ये सरकारने खाजगी रुग्णालयांतल्या ऐंशी टक्के खाटांचे दर बांधले: साध्या कक्षाला दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागाला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर क्रीडांगणावर जम्बो रुग्णालय उभे राहिले. दर बांधले तरी बिले फुगली. कर्त्या पुरुषांच्या मागे राहिलेल्या स्त्रियांना बरोबर घेऊन अभियानाने त्या बिलांच्या तपासणीची आणि परताव्याची मागणी लावून धरली. याच काळात, जानेवारी २०२१ मध्ये, नियम प्रसिद्ध झाले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचे, तक्रार निवारण कक्ष ठेवायचा.

त्या कक्षापर्यंत पोहोचायची वाट मात्र हद्दीवरून ठरते. महापालिकेच्या हद्दीतल्या रुग्णालयाची तक्रार महापालिकेकडे, चाकणची जिल्ह्याच्या यंत्रणेकडे. महाळुंगेला राहणारा, नांदेड किंवा बिहारमधून आलेला कंत्राटी कामगार प्रेसवर बोटे तुटून भोसरीच्या एखाद्या रुग्णालयात दाखल झाला, तर त्याला दाद मागायची आहे अशा महापालिकेकडे जिच्या मतदारयादीत त्याचे नाव नाही, आणि हातातल्या बिलावर बहुधा ठेकेदाराचे नाव आहे.