परकं रक्त आपलं होताना

मंडळी, ‘आपला कोण, परका कोण’ हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. तो शरीरालाही पडतो. आज त्याचाच इतिहास पाहू.

मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि सहकाऱ्यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या ९ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला मगज दिला. भारतातलं हे पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण. अडवाणी हे तंत्र शिकले अमेरिकेत, सिअ‍ॅटलला, डॉनल थॉमस यांच्याकडे. थॉमस यांना १९९० चं नोबेल मिळालं.

आता गंमत बघा. मूत्रपिंड बदललं तर शरीर नव्या अवयवावर उठतं. इथे उलटं! पाहुण्या पेशीच यजमानाला परका समजतात आणि त्याच्या कातडीवर, यकृतावर, आतड्यांवर तुटून पडतात. उंदरांवरच्या प्रयोगांत हे १९५०च्या दशकातच दिसलं होतं.

मग या भांडखोर टी-पेशी आधीच काढून टाकल्या तर? १९८०च्या दशकात तेही करून पाहिलं. भांडण थांबलं, पण कर्करोग जास्त वेळा परतू लागला. कारण उरलासुरला कर्करोग याच पेशी मारत होत्या. म्हणजे सैन्य मोडायचं नव्हतं, त्याला आवर घालायचा होता.

१९८६ मध्ये सिअ‍ॅटलच्याच गटाने सायक्लोस्पोरिन आणि मेथोट्रेक्सेट ही जोडी सिद्ध केली. पुढे जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी सायक्लोफॉस्फमाइड हे जुनं, स्वस्त औषध प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी द्यायला सुरुवात केली. खवळलेल्या पेशी त्याने निकामी होतात, समजूतदार पेशी टिकतात. त्यामुळे अर्धी जुळणी असलेले आईवडील किंवा मुलंही दाते होऊ शकले. २०२३ च्या एका अमेरिकन चाचणीत बहुतेक दाते पूर्ण जुळणारे होते. तिथेही या औषधाच्या गटात वर्षाअखेर सुमारे ५३ टक्के रुग्ण गंभीर भांडण आणि कर्करोग या दोन्हींतून सुटलेले होते. जुन्या पद्धतीत ३५ टक्के.

आपल्या बुलढाण्याचं काय? मलकापूर-शेगावहून गाडी धरून मुंबई गाठणाऱ्या माणसाला औषधाइतकंच महत्त्वाचं म्हणजे पहिले १०० दिवस रुग्णालयाजवळ राहणं. घरी आल्यावर बरं वाटतंय म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. ताप, अंगावर पुरळ, जुलाब, पिवळे डोळे, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला फोन करायचा. सोमवारची वाट पाहायची नाही.

परक्याला आपलं करायला वेळ लागतो, मंडळी. तेवढा वेळ घराने आणि गावाने रुग्णाला द्यावा. आता प्रश्न विचारा.