देवाचे असणे म्हणजे दास्य नव्हे

ख्रिस्ती श्रद्धेवर आपल्याकडच्या सुशिक्षित मंडळींत एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ‘मी देवाचा, म्हणून मला मोल आहे’ असे म्हणणारा माणूस आपले मोल दुसऱ्याच्या हाती सोपवतो. हे मोठेपण उसने आहे, त्याने पाठीचा कणा वाकतो आणि शेवटी स्वत्व जाते. या पूर्वपक्षाचा सर्वांत समर्थ वकील नीत्शे. ‘नीतीची वंशावळ’ सांगणारा त्याचा जर्मन ग्रंथ १८८७ मध्ये निघाला. ख्रिस्ती नीती ही दुबळ्यांच्या मनातल्या डंखातून जन्मलेली गुलामांची नीती आहे, असे त्याने त्यात मांडले.

या आरोपात तथ्यच नाही, असे मी म्हणणार नाही. नम्रतेचे धडे देऊन चर्चने दुबळ्यांना गप्प बसवले, याचे दाखले हवे तितके आहेत. अमेरिकेतले मळेवाले बायबलच्या आधारावरच गुलाम बाळगत होते. पण त्याच १८८७ साली फिलाडेल्फियात आणखी एक पुस्तक छापले गेले: पंडिता रमाबाईंचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’. नीत्शेच्या सिद्धान्ताची कसोटी घ्यायची, तर या बाईंच्या आयुष्यावर घ्यावी.

रमाबाईंना लहानपणापासून संस्कृत मुखोद्गत. पुराणे सांगत गावोगाव फिरलेल्या या विदुषीला कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. तरीही शास्त्रे वाचताना त्यांना एक गोष्ट खुपत राहिली. एरवी परस्परविरोधी असलेले ग्रंथ स्त्रीजातीला हीन ठरवताना मात्र एकमुखाने बोलत होते. पुढे इंग्लंडमध्ये, लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने टाकलेल्या बायकांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. हे कशासाठी, असे विचारल्यावर एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई, जातीने त्याज्य, पाच नवरे होऊन गेलेली. आणि तिच्याशी येशू उपासनेचे मर्म बोलतो. रमाबाईंचे मन तिथे वळले, असे त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत नोंदवले आहे. मोल आधी मिळते, पात्रता मागून पाहिली जाते, हे त्यांना तिथे दिसले.

आक्षेप घेणाऱ्यांची गफलत नेमकी इथेच होते. समाज देतो ती किंमत जात, विद्या, सौभाग्य, पैसा पाहून देतो आणि ते गेले की काढून घेतो. विधवेला हे कुणी शिकवावे लागत नाही. पौलाने रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिताना विश्वासणाऱ्यांना देवाने दत्तक घेतल्याचे म्हटले. रोमन कायद्यात दत्तक म्हणजे नवे घराणे आणि पूर्ण वारसाहक्क. दास आणि दत्तक यांत हाच तर फरक आहे. फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्या पत्रात तोच पौल अनेसिम नावाच्या गुलामाला परत पाठवतो, पण भाऊ म्हणून स्वीकार, अशी त्याच्या मालकाला, म्हणजे फिलेमोनालाच, गळ घालून. या पत्राने गुलामगिरी मोडली नाही, हे खरे. पण मालकाच्या डोक्यावरही एक धनी आहे, हे एकदा मान्य झाले की मालकी निरंकुश राहत नाही.

आता दास्याचे लक्षण पाहा. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर रमाबाईंनी धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. त्रैक्याचा सिद्धान्त बुद्धीला पटेपर्यंत त्या तो मान्य करत नाहीत. भारतातल्या पुरोहितांचे जोखड नुकतेच झुगारले, आता दुसरे मानेवर घेणार नाही, असे स्पष्ट कळवतात. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नको, असा सवाल करतात. इंग्लंडात राहूनही शाकाहार सोडत नाहीत. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे बिशपांचे मत पडले, तेव्हा त्यांनी कडाडून विरोध केला. ज्या विश्वासाच्या बळावर त्या शास्त्र्यांपुढे उभ्या राहिल्या, त्याच बळावर बिशपांपुढेही. गुलामाची नीती धनी बदलते; रमाबाईंनी माणसांपैकी कोणालाच धनी मानले नाही.

आणि हे बळ त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्तिसदन या आश्रमात वाढल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या, मागावर बसल्या, शेती करू लागल्या. ज्यांना घराने ओझे ठरवले होते, त्यांच्या हाताला काम आणि नावाला मान मिळाला. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबल साध्या, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत उतरवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, त्याआधी हे काम त्यांनी हातावेगळे केले होते.

नीत्शे जरूर वाचावा. पण ख्रिस्ती माणसाला स्वत्वहीन ठरवण्याआधी रमाबाईंची ही पत्रे एकदा समोर ठेवावीत आणि त्यांत दास्य कुठे आहे, ते बोट ठेवून दाखवावे.